नर्सिंगची शीघ्र पदवी : आरंभ करणाऱ्यांस व त्यांच्या घरच्यांस चार शब्द

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या मंगल दिवसांत व्याख्यात्याने धर्मग्रामाच्या गत इतिहासाचे गुणगान करावे अशी रीत आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु आमच्या वाट्यास आलेला विषय पुढच्या पिढीच्या संबंधाचा आहे. आपल्या पुष्कळ घरांतील मुलेमुली, भाचे-पुतणे आज अमेरिकेत राहतात. कोणी तेथे नोकरीस गेला आहे, कोणी लग्न होऊन गेली आहे, तर कित्येकांचा जन्मच तिकडचा आहे. त्यांपैकी पुष्कळांनी एखादी पदवी पूर्वीच मिळविलेली असते. कोणी वाणिज्य शाखेची, कोणी जीवशास्त्राची, कोणी संगणकाची. मग पंचविशीत, तिशीत, क्वचित चाळिशीतही त्यांच्या मनात येते की, आता रोग्यांच्या शुश्रूषेचे काम शिकावे. ते घरी कळवितात, "आई, येथे एका वर्षात नर्सिंगची पदवी मिळते," आणि इकडे आईबाप विचारात पडतात. आपल्याकडे ज्यास चार वर्षे लागतात ते तिकडे एका वर्षात कसे होते? हे शिक्षण कच्चे तर नसेल ना? पैसा बुडणार तर नाही ना? हे प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यात येतात. त्यांची उत्तरे आज आम्ही यथामती देणार आहोत.

आमचे म्हणणे आरंभीच थोडक्यात सांगून ठेवतो. ह्या पदवीत पंचांग आखूड केलेले आहे. विद्या आखूड केलेली नाही. तेच ओझे थोड्या दिवसांत वाहून न्यावयाचे असते. म्हणून ह्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्याने निघण्यापूर्वीच आपला वेळ, आपले घर आणि आपले मन मोकळे करून घेतले पाहिजे. हे ज्याने केले नाही तो कितीही हुशार असला तरी मध्येच थकतो.

प्रथम ही पदवी काय आहे ते पाहू. अमेरिकेत नर्सिंगची नेहमीची पदवी चार वर्षांची असते. त्यांपैकी बराच काळ भाषा, इतिहास, गणित, मानसशास्त्र, मूलभूत विज्ञान असल्या सामान्य विषयांत जातो, आणि उरलेल्या काळात प्रत्यक्ष परिचर्येचे शिक्षण होते. ज्याने दुसऱ्या एखाद्या विषयाची पदवी घेतली आहे त्याने सामान्य विषयांचा अभ्यास एकदा केलेलाच असतो. मग तो त्यास पुन्हा कशाकरिता करावयास लावावा? ह्या साध्या विचारातून शीघ्र पदवी निघाली. मिझूरी राज्यातील सेंट लुइस विद्यापीठ हे १८१८ साली स्थापन झालेले, येशूसंघीयांचे विद्यापीठ होय. तेथे १९७१ साली असा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि त्या देशातील आपल्या प्रकारचा तो पहिला म्हणून ओळखला जातो. आज असे अभ्यासक्रम तेथील बहुतेक सर्व राज्यांत आहेत. त्यांची मुदत साधारणपणे ११ ते १८ महिन्यांची असते. ह्या मुदतीत उन्हाळ्याची सुटी नसते, आणि नेहमीच्या विद्यार्थ्यास सत्रासत्रांमध्ये जी लांब विश्रांती मिळते तीही नसते. रुग्णालयातील कामाचे तास मात्र नेहमीच्या विद्यार्थ्याइतकेच भरावे लागतात, आणि शेवटची परवाना-परीक्षा दोघांस एकच असते. यावरून शिक्षण कच्चे असते ही शंका फिटावी.

येथे आपल्या देशाविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण पुष्कळांचा घोटाळा होतो. भारतात दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांकरिता अशी आखूड वाट नाही. आपल्याकडील बी. एस्‌सी. नर्सिंगची पदवी चार वर्षांची व आठ सत्रांची आहे, आणि तिच्यात प्रवेश मिळण्यास बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय घेतलेले असावे लागतात. दोन वर्षांची 'पोस्ट बेसिक' पदवी आहे खरी, पण ती जी. एन. एम. ही पदविका घेतलेल्या परिचारिकांसाठी आहे. उलटपक्षी, जी मुलगी येथे नर्सिंगची पदवी घेऊन अमेरिकेस जाऊ इच्छिते तिला ह्या शीघ्र पदवीचे काही काम नाही. ती परिचारिका आहेच. तिने आपल्या प्रमाणपत्रांची तपासणी करून घ्यावी, इंग्रजीची कसोटी द्यावी आणि एनक्लेक्स नावाची परवाना-परीक्षा द्यावी. ह्या परीक्षेची केंद्रे भारतातही आहेत. तिला कोणी दलाल पुन्हा पदवी घेण्यास सांगू लागला, तर त्याचा हेतू काय असावा याचा विचार घरच्यांनी करावा.

आता आरंभापूर्वीची तयारी. शीघ्र पदवीचा दरवाजा उघडण्यापूर्वी काही विषय उत्तीर्ण असावे लागतात. शरीररचना व शरीरक्रिया यांचे दोन भाग, सूक्ष्मजंतुशास्त्र, रसायन, संख्याशास्त्र, आहारशास्त्र आणि मनुष्याच्या वाढीचे मानसशास्त्र हे विषय बहुतेक ठिकाणी मागतात. त्यातही विज्ञानाचे विषय गेल्या पाच किंवा सात वर्षांतील असावेत अशी अट पुष्कळ शाळा घालतात. तेव्हा वाणिज्याच्या पदवीधराने 'एक वर्ष' म्हणून जे ऐकलेले असते त्याच्या आधी हे विषय पुरे करण्याचे आणखी एक वर्ष जमेस धरावे. जो भारतातून पदवी घेऊन गेला आहे त्याने आणखी एक चौकशी करावी. आपली बी. ए., बी. कॉम. ही पदवी तीन वर्षांची असल्यामुळे ती काही अमेरिकन विद्यापीठे आपल्या पदवीच्या बरोबरीची मानतात व काही मानीत नाहीत. हा प्रश्न अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी विचारावा. नंतर विचारण्यात अर्थ नाही.

रुग्णालयात पाऊल टाकण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या प्रकृतीचे कागदही लागतात. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजण्या व हेपटायटिस-बी यांच्या लसी घेतल्याचा पुरावा द्यावा लागतो. हेपटायटिस-बीच्या नेहमीच्या तीन मात्रा पुऱ्या होण्यास सहा महिने लागतात. म्हणून ही गोष्ट शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. क्षयाचीही तपासणी होते. आपल्याकडे लहानपणी बी. सी. जी. ची लस टोचलेली असते, आणि त्यामुळे कातडीवरची क्षयपरीक्षा रोग नसतानाही कधी कधी चढते. हे पाहून घाबरून जाऊ नये. ह्या लसीमुळे बिघडत नाही अशी रक्ताची परीक्षा आहे, ती मागून घ्यावी. ह्याखेरीज हृदयक्रिया बंद पडल्यास करावयाच्या प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र लागते, पोलिसांकडील पूर्ववृत्ताची चौकशी होते आणि बहुधा मादक द्रव्यांविषयीची तपासणीही होते.

शाळा निवडताना तर डोळ्यांत तेल घालून पाहावे. शाळेस त्या राज्याच्या नर्सिंग मंडळाची मान्यता आहे काय, राष्ट्रीय दर्जा तपासणाऱ्या संस्थेने तिला पसंती दिली आहे काय, आणि तिचे शेकडा किती विद्यार्थी परवाना-परीक्षेत पहिल्या खेपेस उत्तीर्ण होतात, ह्या तीन गोष्टी उघडपणे पाहावयास मिळतात. हे आम्ही उगाच सांगत नाही. २०२३ सालच्या जानेवारीत अमेरिकन सरकारने उघडकीस आणले की, फ्लोरिडा राज्यातील काही शाळांतून नर्सिंगची ७,६०० हून अधिक खोटी प्रमाणपत्रे विकण्यात आली होती. शीघ्र वाट निराळी आणि चोरवाट निराळी. जेथे रुग्णालयातील कामाचे तास भरावे लागत नाहीत तेथे परिचर्या शिकविली जात नाही, एवढी खूण ध्यानात ठेवली म्हणजे फसगत टळेल.

पैशांविषयी स्पष्ट बोलणे बरे. शुल्क शाळेशाळेप्रमाणे फार भिन्न असते, म्हणून आकडा सांगण्यात अर्थ नाही. परंतु ज्याच्यापाशी पूर्वीची पदवी आहे त्यास अमेरिकन सरकारची पेल नावाची मदत मिळत नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. जो विद्यार्थी-व्हिसावर जातो त्यास सत्र चालू असता आठवड्यास २० तासांपर्यंतच, तेही शाळेच्या आवारात, काम करण्याची परवानगी असते. आणि ज्यास कामाची मोकळीक आहे त्यासही बहुतेक शाळा सांगतात की, हे वर्षभर नोकरी करू नका. तेव्हा शुल्क अधिक वर्षाचा घरखर्च अधिक बुडालेला पगार, अशी तीन खात्यांची बेरीज आधी मांडावी. काही रुग्णालये शुल्काचा भार उचलतात आणि मोबदल्यात काही वर्षांच्या नोकरीचा करार करून घेतात. करार वाईटच असतो असे नाही. पण सही करण्यापूर्वी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, आणि मध्येच सोडल्यास किती रक्कम परत करावी लागेल ते वाचावे.

आता शाळा सुरू झाली असे समजा. पहिल्या आठवड्यातच विद्यार्थ्याच्या छातीत धडकी भरते. औषधशास्त्र, रोगांची क्रिया, शरीरपरीक्षण आणि शुश्रूषेची मूलतत्त्वे हे विषय एकदम अंगावर येतात. एका विषयाची परीक्षा होते न होते तोच दुसऱ्याची येऊन ठेपते. उत्तीर्ण होण्याची पायरीही उंच असते. पुष्कळ ठिकाणी शेकडा ७५ च्या आसपास गुण मिळविल्याखेरीज विषय सुटत नाही. आणि विषय एकामागून एक साखळीसारखे गुंफलेले असल्यामुळे एक कडी तुटली की पुढचे सर्व अडते. तो विषय पुन्हा शिकविला जाईपर्यंत थांबावे लागते, आणि बरोबरची मंडळी पुढे निघून जातात. म्हणून 'पुढच्या महिन्यात भरून काढू' ही जी आपली कॉलेजातील सवय असते ती येथे चालत नाही. ज्या दिवशी विषय समजला नाही त्याच दिवशी शिक्षिकेकडे जावे. पाठ्यपुस्तके जाडजूड असतात. ती अथपासून इतिपर्यंत वाचण्याचा हट्ट धरू नये. थोडे वाचून पुस्तक मिटावे आणि आपणच आपणांस प्रश्न विचारावेत. तीनचार जणांचा अभ्यासगट जमविला तर फार उपयोग होतो. आणि झोप मोडून अभ्यास करू नये. झोपेविना शिणलेल्या डोक्याला पाच आणि पन्नास यांतला भेद कळत नाही.

पाच आणि पन्नास हे आम्ही उगाच म्हटले नाही. औषधांच्या मापांचे गणित हा ह्या शिक्षणातील एक उंबरठा आहे. त्याच्या परीक्षेत पुष्कळ शाळा शेकडा ९० आणि काही तर पुरे १०० गुण मागतात. गणित कठीण नसते. एक हजार मिलिलिटर सलाइन आठ तासांत द्यावयाचे तर तासास १२५ मिलिलिटर. नळीतून मिलिलिटरमागे १५ थेंब पडत असतील तर मिनिटास सुमारे ३१ थेंब. शाळकरी मुलासही हे जमेल. परंतु घड्याळाकडे पाहत, रोग्याच्या उशाशी उभे राहून, मनात भीती असताना ते दर वेळी बिनचूक जमले पाहिजे. दशांशचिन्हाचेही शास्त्र आहे. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना चिन्हाच्या आधी शून्य घालावेच, आणि पाच मिलिग्रॅम लिहिताना चिन्ह देऊन मागे शून्य घालू नयेच. पहिले शून्य विसरले तर अर्ध्याचे पाच वाचले जातात, दुसरे घातले तर पाचाचे पन्नास होतात. अमेरिकेत रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या जॉइंट कमिशन ह्या संस्थेने २००४ साली लिहिण्याच्या ज्या धोकादायक पद्धती वर्ज्य ठरविल्या त्यांत ह्या दोन्ही आहेत. योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ, ही पंचसूत्री विद्यार्थ्यास इतकी घोकावी लागते की, झोपेतून उठविले तरी त्याने ती म्हणावी.

ह्याबरोबरच हाताचे शिक्षण चालते. पुतळ्यावर इंजेक्शन देणे, जंतुरहित हातमोजे घालणे, लघवीची नळी बसविणे, जखमेची पट्टी बदलणे ह्या गोष्टी शिक्षिकेच्या देखत करून दाखवाव्या लागतात. हातमोजा चुकून चादरीस लागला की सर्व पुन्हा पहिल्यापासून. हल्लीचे पुतळे श्वास घेतात, त्यांची नाडी चालते, ते कण्हतातही. अशा पुतळ्यांवरील शिक्षण उत्तम रीतीने दिले तर रुग्णालयातील निम्म्या तासांपर्यंतची जागा ते भरून काढू शकते, असे तेथील राज्यमंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या पाहणीत दिसून आले.

परंतु पूर्वीच्या पदवीधरांस सर्वांत जड जाते ती परीक्षेच्या प्रश्नांची जात. आजवर त्यांस विचारलेले असते की, अमुक म्हणजे काय. येथे विचारतात की, आधी काय कराल. चार रोगी आहेत. एकजण दुखण्यावरचे औषध मागत आहे. एकास आज घरी जावयाचे असून पथ्य समजावून सांगावयाचे आहे. एकाची पट्टी ओली झाली आहे. आणि एक एकाएकी अस्वस्थ होऊन धापा टाकू लागला आहे. चौघांचेही करावयाचे आहे, पण प्रथम कोणाकडे जावयाचे? जो धापा टाकतो त्याच्याकडे, कारण श्वास थांबला तर बाकी सर्व व्यर्थ आहे. दुसरे उदाहरण घ्या. हृदयाच्या रोग्यास डिगॉक्सिन देण्याची वेळ झाली आहे, डॉक्टरांची लेखी आज्ञा आहे, औषध हातात आहे. परंतु नाडी मोजली तर मिनिटास ५२ भरते. आज्ञा पाळावी की थांबावे? हे औषध नाडी मंद करते. म्हणून थांबावे, आणि ताबडतोब डॉक्टरांस कळवावे. परिचारिका म्हणजे आज्ञा उचलणारी दासी अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी ह्या एका उदाहरणाचा विचार करावा. औषध रोग्याच्या ओठांपर्यंत नेणारा हात तिचा असतो, म्हणून विचार करणारे शेवटचे डोकेही तिचेच असावे लागते. हा निवाडा पाठांतराने येत नाही, आणि त्यासाठीच एवढा खटाटोप आहे.

मग रुग्णालयातील दिवस येतात. सकाळी सातच्या आधी हजर व्हावयाचे, कारण त्या सुमारास रात्रीची परिचारिका दिवसाच्या परिचारिकेस रोगी सोपविते. कित्येक ठिकाणी विद्यार्थ्यासही पुरे बारा तास उभे राहावे लागते. आरंभी त्यास एकच रोगी देतात. त्याचा रोग, त्याची औषधे, त्याच्या रक्ताच्या तपासण्या यांचा अभ्यास करून शुश्रूषेची योजना लिहून न्यावी लागते. एका शिक्षिकेबरोबर आठदहा विद्यार्थी असतात, आणि ती कोणत्याही क्षणी विचारते, "हे औषध तुम्ही का देत आहात?" पुढे औषधोपचाराच्या व शस्त्रक्रियेच्या कक्षांनंतर बाळंतिणी, लहान मुले, मनोरुग्ण आणि वस्तीतील घरे, असे सर्व ठिकाणचे शिक्षण होते. तेथे अंग पुसावे लागते, शौचाचे भांडे उचलावे लागते, ओकारी काढावी लागते. ज्याने काल कचेरीत दहा माणसांवर हुकूम चालविला त्यास हे प्रथम जड जाते. केव्हातरी ज्याचे तोंड सकाळी धुतले तो रोगी संध्याकाळी जग सोडून गेलेला असतो. त्या दिवशी विद्यार्थ्याने आपले दुःख गिळून घरी जाऊ नये; शिक्षिकेजवळ, सोबत्यांजवळ बोलावे.

हे पुन्हा नवशिके होणे हीच ह्या वर्षाची खरी कसोटी आहे, असे आम्हांस वाटते. पॅट्रिशिया बेनर ह्या अमेरिकन विदुषीने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात परिचारिकेच्या वाढीच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली नवशिकीची आणि शेवटची निष्णाताची. ह्या पायऱ्या अनुभवाने चढावयाच्या आहेत, आणि कितीही शीघ्र पदवी घेतली तरी त्यांतील एकही गाळता येत नाही. जो मनुष्य आपल्या पूर्वीच्या धंद्यात निष्णात होता त्यास एकदम खालच्या पायरीवर उभे राहणे अपमानाचे वाटते. तो अपमान नाही हे त्याने स्वतःस समजावले पाहिजे. पूर्वीचा अनुभव फुकटही जात नाही. ज्याने शाळेत शिकविले तो रोग्यास पथ्य चांगले समजावितो. ज्याने दुकान चालविले त्यास रागावलेल्या नातेवाइकांशी बोलणे साधते. परंतु हे फळ मागाहून हाती येते; आरंभी नम्रताच उपयोगी पडते.

आणि वय झाल्यावर ह्या सेवेकडे वळण्यात नवल ते काय? परिचारिकांचे आश्रयदाते म्हणून अकरावे पायस ह्या परमगुरूंनी १९३० साली ज्या दोन संतांची नावे जाहीर केली, ते दोघेही दुसऱ्या वाटांनी हिंडून ह्या कामास लागले होते. संत जॉन ऑफ गॉड हे मेंढपाळ होते, शिपाई होते, पुस्तके विकीत होते. वयाची चाळिशी उलटल्यावर त्यांनी स्पेनमधील ग्रानाडा शहरी रोग्यांची सेवा आरंभिली. १५५० साली ते मरण पावले, आणि त्याच वर्षी इटलीत संत कमिलस यांचा जन्म झाला. हेही शिपाई, आणि वर जुगारी. पायाची जखम घेऊन ते रोममधील एका इस्पितळात आले. तेथे नोकर राहिले, आणि जुगारापायी काढून टाकले गेले. पुढे त्यांचे मन पालटले आणि त्याच इस्पितळाचा कारभार त्यांच्या हाती आला. आई आपल्या एकुलत्या एका आजारी लेकराचे जसे करते तसे रोग्यांचे करावे, ही त्यांची शिकवण होती. हे दोघेही पुरुष होते, ही गोष्टही ध्यानात घ्यावी. आपल्या समाजात हे काम मुलींचेच समजतात, आणि मुलाने त्याची इच्छा दाखविली तर त्याची थट्टा करतात. ती थट्टा आता बंद व्हावी.

शेवटी परवाना-परीक्षेविषयी. पदवी हातात आली म्हणजे सर्व संपले असे नाही. एनक्लेक्स उतरल्याखेरीज परिचारिका म्हणून काम करता येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून ह्या परीक्षेचे रूप नवे झाले असून, रोग्याची हकीकत देऊन निर्णय विचारण्यावर भर आहे. प्रश्न कमीत कमी ८५ व जास्तीत जास्त १५० असतात, वेळ पाच तासांचा असतो, आणि प्रत्येक उत्तर पाहून संगणक पुढचा प्रश्न निवडतो. एखाद्याची परीक्षा ८५ प्रश्नांनी थांबली तर तो उत्तीर्णही झालेला असेल वा नापासही. तर्क करीत बसू नये. नापास झाल्यास ४५ दिवसांनी पुन्हा बसता येते. नोकरी लागल्यावरही पुष्कळ रुग्णालये नव्या परिचारिकेस पहिले वर्षभर देखरेखीखाली शिकवितात. अशी नोकरी पगाराने थोडी कमी असली तरी पत्करावी.

आता घरच्या मंडळींस आमची विनंती. हे वर्ष एकट्या विद्यार्थ्याचे नसते. ते सबंध घराचे असते. लेकरे असतील तर ती कोणी सांभाळावयाची, स्वयंपाक कोणी करावयाचा, हे पहिल्या दिवसापूर्वी ठरवावे, आणि नवऱ्याने वा बायकोने ते तोंडदेखले नव्हे, मनापासून कबूल करावे. इकडच्या आईबापांनी फोन आला नाही म्हणून रुसू नये. लग्नाची बोलणी वर्षभर तहकूब ठेवावीत. भावाच्या साखरपुड्यास, मावशीच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेस तिने आलेच पाहिजे, असा हट्ट धरू नये. एक दिवस चुकला तर तिला रुग्णालयातील तास पुन्हा भरून द्यावे लागतात. तिने रडत फोन केला तर लगेच "सोडून दे" म्हणू नये, आणि "आमच्या वेळी असे नव्हते" असेही म्हणू नये. ऐकून घ्यावे, एवढे पुरे.

आणि ज्याच्या घरी ह्याच वर्षी दुखणे आहे, कर्ज डोईवर आहे, किंवा तान्हे मूल आहे व मदतीस कोणी नाही, त्याने एक वर्ष थांबावे. तेवढ्या काळात विज्ञानाचे विषय पुरे करावेत, लसी घ्याव्यात, पैसा साठवावा, आणि जमल्यास एखाद्या रुग्णालयात सहायकाचे काम करून पाहावे. थांबण्यात कमीपणा नाही. ही पदवी शीघ्र आहे म्हणून तिच्याकडे जाण्याचा निर्णयही शीघ्र घ्यावा, असे कोठेही लिहिलेले नाही. उलट, रस्ता जितका उभा तितकी शिदोरी नीट बांधावी.

बंधुभगिनींनो, अनोळखी रोगी रात्री दोन वाजता घंटी वाजवितो, तेव्हा जी व्यक्ती दारात येते ती किती महिन्यांत शिकली हे तो विचारीत नाही. तिला आपले दुखणे कळते काय आणि तिचा हात भरवशाचा आहे काय, एवढेच त्याला हवे असते. आपल्या घरांतून जी मुलेमुली ह्या कामास जाऊ इच्छितात त्यांनी हा भरवसा मिळविण्यासाठी जावे, आणि आपण मागे राहिलेल्यांनी त्यांचे ते एक वर्ष आपल्या खांद्यावर घ्यावे.